बजींच्या जोडीसाठी घेतलेली लाकडी घरटेपेटी

माणसाळलेल्या बजींच्या (बजरीगार या छोट्या पोपटांच्या) जोडीसाठी घेतलेली ही लाकडी पेटी मला मनापासून आवडली, कारण तिचा तळ वाटीसारखा खोलगट असल्यामुळे अंडी एकत्र राहतात आणि पिल्लांचे पाय फाकण्याचा धोका कमी होतो. मागची सरकती फळी उघडून सातव्या दिवशी अंडी टॉर्चसमोर धरली, तेव्हा पाचांपैकी एकातही रक्तवाहिन्या दिसल्या नाहीत, म्हणजे अंडी फलित झालेली नव्हती. दोष पेटीचा नव्हता. पिंजऱ्यातील दांडी हलत असल्याने जोडी जमताना नराचा तोल जात होता, शिवाय तो मादीपेक्षा माझ्याच खांद्यावर अधिक रमत असे. दांडी घट्ट बसवली, त्याला हाताळणे थांबवले, आणि दुसऱ्या खेपेत 18 दिवसांनी पहिले पिल्लू बाहेर आले. फळीची खाच मात्र फार घट्ट आहे, त्यामुळे ती उघडताना बसणाऱ्या धक्क्याने अंड्यांवरची मादी बिचकते.