साधा, नीट अंबाडा हवाय? मग कॉलेज रोडचं हे पार्लर

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे, बोर्ड पण पटकन दिसत नाही, पण साधी हेअरस्टाइल हवी असेल ना तर डोळे झाकून जा. नाहीतर लग्नसराईत सगळीकडे तेच, डोक्यावर डोंगर आणि वरून अर्धी बाटली स्प्रे.

माझे केस कुरळे. तिथल्या ताईंनी कोरड्या केसांत कंगवा घातलाच नाही, थोडं पाणी, थोडं लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर) लावून बोटांनीच गुंता काढला आणि मानेवर सैलसर अंबाडा घातला, कानाजवळच्या बटा तशाच सोडल्या. गंगापूर रोडच्या लॉन्सवर वारा होता तरी रात्रीपर्यंत जसाच्या तसा. वहिनीचे केस एकदम सरळ नि सुळसुळीत, पिनच टिकत नाही, तर तिला आधीच सांगितलेलं की आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको, आणि पिनची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची म्हणजे पकडते, हे कुणी सांगतच नाही हो! आईचे केस विरळ झालेत पण गंगावन नको म्हणाली, मग मुळाशी हलकं बॅककोम्बिंग (केस उलटे विंचरून जरा फुगवायचे), छोटा अंबाडा, भोवती मोगऱ्याचा गजरा. काही बोलली नाही, फोटो मात्र सगळ्या ग्रुपवर टाकले.

गजरा आपला आपण न्यायचा. वेळेचं काही खरं नाही, अपॉइंटमेंट असून बसवून ठेवतात, एसी नावालाच, पार्किंगचं तर बोलूच नका. आणि कुरळ्या केसांचे जास्त पैसे लावतात, ते मला काही पटलं नाही, आधीच रेट विचारून घ्या.