लहान पिल्लासाठी क्रेट घेताना सांगलीत झालेली फसवणूक

किलोभरही वजन नसलेले कुत्र्याचे पिल्लू ज्यांच्या घरी येणार आहे, त्यांना क्रेट, म्हणजे पिल्लाला ठेवायचा पिंजरा, विकताना कोणती खोटी आश्वासने दिली जातात हे आधीच माहीत असावे, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आम्ही विश्रामबागेत राहतो. पिल्लू पॉमेरेनियन जातीचे असून ते घरी आले तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचे होते.

शहरातल्या एका दुकानदाराने पिल्लू पाहिले, त्याची जात विचारून घेतली आणि ४२ इंच लांबीचा, घडी होणारा तारेचा क्रेट पुढे केला. "ताई, लहान घेतला तर चार महिन्यांत बदलावा लागेल, हा आयुष्यभर पुरतो बघा," असे तो म्हणाला. इतक्या मोठ्या पिंजऱ्यात एवढेसे पिल्लू कसे राहील, असे आम्ही विचारले, तेव्हा आतली जागा कमी करण्यासाठी मधे बसवायचे पार्टिशन सोबतच मिळते, सध्या संपले आहे, आठवडाभरात घरपोच पाठवतो, असे त्याने सांगितले. तारा स्टेनलेस स्टीलच्या आहेत आणि क्रेट विमानप्रवासासाठी 'आयाटा' या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेला मान्य आहे, असेही तो क्रेटवरची विमानाचे चित्र असलेली चिकटपट्टी दाखवून ठामपणे म्हणाला, आणि त्याच जोरावर त्याने किंमत वाढवून लावली.

यातले एकही विधान खरे निघाले नाही. ४२ इंचांचा क्रेट लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांसाठी असतो. पॉमेरेनियन पूर्ण वाढल्यावरही साधारण दीड ते तीन किलोंचाच असतो आणि त्याला २४ इंचांचा क्रेट पुरतो, त्यामुळे 'पुढे मोठा होईल' ही सबब मुळातच खोटी होती. जागा जास्त झाल्याचा तोटा केवळ पैशांचा नाही. कुत्रे आपण झोपतो ती जागा शक्यतो घाण करत नाही आणि शी-शूची सवय लावताना क्रेटचा उपयोग होतो तो याच स्वभावामुळे. पण एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात शू करण्याइतकी जागा मिळाली की तो उपयोग संपतो. आमच्या पिल्लाने नेमके तेच सुरू केले. पार्टिशन आले नाही. फोन केल्यावर आधी 'माल वाटेत आहे' असे उत्तर मिळाले आणि नंतर त्यासाठी वेगळे आठशे रुपये मागण्यात आले.

त्याहून गंभीर गोष्ट तारांमधल्या अंतराची आहे. मोठ्या क्रेटच्या तारा लांब लांब असतात. पिल्लाने त्यातून डोके बाहेर घातले आणि ते मागे येईना. घरात माणसे होती म्हणूनच ते सुखरूप सुटले. पिल्लाचे डोके, जबडा किंवा पंजा अडकणार नाही इतकीच फट असावी आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढावा, कारण तो तारेत अडकून फास बसू शकतो.

पिल्लाने चावलेल्या ठिकाणी वरचा मुलामा सोलून निघाला आणि खाली गंजके लोखंड दिसू लागले. मिरजेच्या पशुवैद्यांनी ते पाहताच पिंजरा वापरू नका असे सांगितले. मुलामा जस्ताचा असेल, तर पोटात गेलेले त्याचे तुकडे आम्लात विरघळतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होऊ लागतात; एवढ्याशा जिवाला त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही.

त्या विमानाचे चित्र असलेल्या चिकटपट्टीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. आयाटा ही संस्था पिंजऱ्याच्या मापाचे आणि बांधणीचे नियम ठरवते, पण कोणत्याही कंपनीच्या क्रेटला मान्यता देत नाही. शिवाय संपूर्ण तारेचे पिंजरे त्या नियमांनुसार विमानप्रवासाला चालतच नाहीत. अशी चिकटपट्टी दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर तिथून निघावे.

माप घेणे अवघड नाही. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि उभे असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची घ्यावी आणि दोन्हींत सात-आठ सेंटिमीटर मिळवावेत. पिल्लाला न वाकता उभे राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आले पाहिजे. वाढीचा विचार करून क्रेट थोडा मोठा घ्यायचा असेल, तर पार्टिशन त्याच वेळी बसवून दाखवायला सांगावे आणि तळाला नुसती जाळी नसून सपाट ट्रे आहे ना, हेही पाहावे.

आम्ही पक्के बिल मागितले होते, पण हाती आली ती जीएसटी क्रमांक नसलेली कच्ची पावती, आणि तिच्यावर फक्त 'पिंजरा १ नग' एवढेच लिहिलेले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तूचा दर्जा खोटा सांगणे हीदेखील तशीच प्रथा आहे. परतीची मुदत ठरलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणेही त्यातच मोडते. दुकानदाराने क्रेट परत घ्यायला नकार दिल्यावर आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क लागत नाही, म्हणून तिथे जाण्याचीही तयारी चालू आहे. पार्टिशन मोफत पाठवतो, असा दुकानदाराचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश, सोललेल्या तारांची छायाचित्रे आणि पशुवैद्यांची चिठ्ठी ही कागदपत्रे आम्ही तक्रारीला जोडली आहेत. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.