क्लच प्लेट बदललीच नव्हती

गाडी ४८,००० किलोमीटर चालली होती, तेव्हाची ही गोष्ट. सकाळी गाडी मागे घ्यायला रिव्हर्स टाकला की खर्रर्र असा आवाज यायचा. क्लच पूर्ण दाबलेला असायचा, तरीही. पुढे पुढे पहिला गिअरही अडायला लागला. उभ्या गाडीत तो पडायचाच नाही, मग आधी दुसरा टाकून पहिल्यात आणावं लागायचं. गाडी ओढत मात्र छान होती. चढावर, पाच माणसं बसलेली असताना, तिचा दम कधी कमी पडला नाही. या एका गोष्टीचा अर्थ मला तेव्हा माहीत असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी ज्या गॅरेजमध्ये गेले तिथल्या माणसाने निम्मंच ऐकून घेतलं. "ताई, क्लच प्लेट गेली. पूर्ण सेट बदलायला लागेल." मी जरा घुटमळले, तर म्हणाला, "बसा शेजारी, दाखवतोच तुम्हाला." त्याने गाडी एका चढावर नेली आणि मध्येच थांबवली. हँडब्रेक नाही, पायाखाली ब्रेक नाही. पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर, नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागच्या जागी धरून ठेवली. इंजिन गुरगुरतंय, गाडी इंचभरही हलत नाही. अर्ध्या मिनिटात जळका, नाकात बसणारा वास आला. "आला ना वास? प्लेट जळतेय ही. रस्त्यात कुठेतरी अडकाल ताई." मी घाबरले आणि तिथेच होकार दिला.

कालच बसवलेली कोरी प्लेट अशी चढावर धरली तरी तोच वास येतो, हे मला फार उशिरा कळलं. हाफ क्लचवर फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारी जड चकती, एका वेगाने फिरत असतं आणि गिअरबॉक्समधून चाकांना जोडलेली प्लेट वेगळ्या वेगाने, उभ्या गाडीत तर ती थांबलेलीच. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, तापतात आणि प्लेटच्या फेसिंगचा, म्हणजे तिच्यावरच्या घासणाऱ्या थराचा, वास सुटतो. तो वास माझ्या गाडीचा दोष सांगत नव्हता, ती कशी चालवली जात होती एवढंच सांगत होता. मेकॅनिक शेजारी बसवून असा 'पुरावा' देत असेल तर त्याचे पाय बघा. नेहमीसारखी गाडी चालवताना, गिअरमध्ये पाय क्लचवरून पूर्ण काढलेला असताना वास येतोय का, एवढंच महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. गिअर अलगद पडत होते, रिव्हर्सचा आवाज गायब. त्याने एका गोणपाटावर ठेवलेली काळी पडलेली प्लेट दाखवली. फेसिंग पार झिजून ते धरून ठेवणारे रिव्हेट वर आलेले. "ही बघा तुमची जुनी." मी तिचा फोटो काढला, कशासाठी ते आता आठवत नाही. बिलावर एकच ओळ होती: क्लच सेट, पूर्ण काम. मी पैसे दिले, वर त्याचे आभार मानले.

आता यातली खरी गोम सांगते, कारण ती कळली की हा डाव तुमच्यावर चालणार नाही. क्लचला दोन अगदी वेगळे आजार होतात. एकात तो घसरतो, दुसऱ्यात तो सुटत नाही. घसरतो म्हणजे पेडल सोडलेलं असूनही प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटून राहत नाही. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. हा झिजलेल्या प्लेटचा आजार. सुटत नाही म्हणजे याच्या बरोबर उलट. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलपासून मोकळी होत नाही, गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो, म्हणून गिअर अडतात आणि रिव्हर्स खरखरतो. याचं कारण बहुतेकदा बाहेरच असतं: ताणलेली केबल, हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, क्लच असेल तर गळका सिलिंडर किंवा नळीत शिरलेली हवा. गिअरबॉक्सला हात न लावता हे तपासता येतं. क्वचित आतलंही काही बिघडलेलं असतं, प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाची) फिंगर, म्हणजे स्प्रिंगची पाकळी, तुटलेली किंवा क्लच प्लेट वाकडी झालेली, पण तिथवर जायच्या आधी केबल बघायची असते.

माझ्या गाडीचा क्लच केबलवर चालणारा, आणि पेडल पार तळाला टेकल्यावर जेमतेम सुटायचा. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटच्या फिंगर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या जवळ सरकतात, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची ढील, कमी होतो आणि पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी पकडायला लागते. माझी पकडत होती तळाशी. म्हणजे सगळी लक्षणं केबल सैल झाल्याची होती, झिजलेल्या प्लेटचं एकही नव्हतं. आणि रिव्हेट उघडे पडेपर्यंत झिजलेली प्लेट चढावर पाच माणसं घेऊन अशी ओढेल का? गोणपाटावरची ती प्लेट बघताना हा प्रश्न माझ्या मनात यायला हवा होता.

त्याने केलं होतं काय, तर केबलचा नट फिरवला होता. काही मिनिटांचं काम. गिअर सुधारले ते त्यामुळे. पण त्याने तो इतका आवळला की फ्री प्ले उरलाच नाही. केबलच्या अनेक गाड्यांत पेडल हाताने हलकं दाबलं की पहिले १० ते २० मिलिमीटर ते सैल जातं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तेवढी ढील नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिंगरवर रेललेलं राहतं. गाडी चालवताना कोणीतरी क्लचवर कायम थोडा पाय देऊन बसल्यासारखं. बेअरिंग झिजतं, प्लेटवरची पकड कमी होते, ती घसरते, तापते आणि खरोखर खराब होते.

आठ महिन्यांनी तेच झालं. पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करायला गेले, काटा एकदम वर गेला आणि गाडी होती तिथेच. समोरून ट्रक येत होता. मी मागे सरले म्हणून वाचले. त्या दिवसाचं आठवलं की अजूनही हात गार पडतात. पैशांची फसवणूक मी एखाद वेळी विसरेन, हे नाही विसरणार.

मी त्याच गॅरेजमध्ये परत गेले. तो म्हणाला, "ताई, तुमचा पाय क्लचवर राहतो. त्याला आम्ही काय करणार?" मला ते पटलंसुद्धा. गाडी नीट चालवत नाही असं कोणी म्हटलं की बाई असो वा बाप्या, माणूस मुकाट होतो. आपल्याला काही कळत नाही या संकोचावरच अशा लोकांचा धंदा चालतो.

मग ऑफिसमधल्या एकाने सांगितलं म्हणून दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आधी गाडी रॅम्पवर चढवली आणि खाली उभं राहून बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावलं. "गिअरबॉक्स कधी उतरवला होता म्हणालात?" आठ महिने झाले, मी म्हटलं. त्यांनी टॉर्च मारला. बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जिथे जोडतात त्या क्लचवरच्या आवरणाच्या, बोल्टांवर कंपनीत लावलेले रंगाचे ठिपके जसेच्या तसे होते, वर वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल वाळून बसलेला. "याला पाना लागलेलाच नाही." पुढे विचारलं, "बिलात गिअर ऑइल लावलंय का?" नव्हतं. "या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट, चाकांकडे जाणारा दांडा, काढल्याशिवाय गिअरबॉक्स उतरत नाही, आणि शाफ्ट काढला की ऑइल बाहेर येतं. ते परत भरायलाच लागतं."

काकांनी माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरवला. प्लेट निघाली ती गाडीच्याच कंपनीची, मूळची, तिच्यावर कंपनीचा छाप. फेसिंग चकचकीत काचेसारखं झालेलं, आणि रिव्हेटच्या डोक्यापर्यंतचं अंतर अगदी नावापुरतं. हे अंतर मोजूनच प्लेट ठेवायची की टाकायची ते ठरवतात. गाडीगाडीप्रमाणे मर्यादा मिलिमीटरच्या दोन ते पाच दशांशांच्या आसपास असते, त्याखाली गेली की प्लेट संपली. मी मोबाइलमधला तो जुना फोटो काढला. त्यातल्या प्लेटच्या मधोमध सहा स्प्रिंगा होत्या. माझ्या गाडीतून निघालेल्या प्लेटला चार. ती प्लेट माझ्या गाडीची कधी नव्हतीच.

या वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदललं, आणि ते योग्यच होतं. एवढा गिअरबॉक्स उतरवल्यावर जुनं बेअरिंग आत ठेवणं म्हणजे तीच मजुरी पुन्हा देण्याची तयारी. काकांनी फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग किंवा तडे आहेत का ते बघितलं, इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत नाही ना तेही. नवी प्लेट तेलात भिजली तर काही उपयोग नसतो.

तो फोटो आणि माझ्या गाडीतून निघालेली प्लेट घेऊन मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "ही आम्ही बसवलेली नाही." खरंच होतं ते, त्याने काही बसवलंच नव्हतं. पण माझ्या बिलावर ना पार्ट नंबर होता, ना कंपनीचं नाव, ना किलोमीटरचा आकडा. 'क्लच सेट, पूर्ण काम' या चार शब्दांच्या आधारावर मी काहीच सिद्ध करू शकले नाही. पैसे गेले ते गेलेच.

आता बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर वेगळा लिहून घेते, नव्या पार्टचे खोके मागून घेते, आणि जुना पार्ट काढताना स्वतः उभी राहते. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणाले की आधी विचारते: घसरतोय की सुटत नाहीये? उत्तर देताना जो अडखळत नाही त्याच्याकडे गाडी ठेवते. एक साधी तपासणी घरीही करते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. एवढं थांबूनही खरखरला तर क्लच सुटत नाहीये. घसरण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर मागेपुढे कोणी नसताना चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघते, काटा आणि वेग बरोबर चढायला हवेत.

आणि महिन्यातून एकदा, गाडी बंद असताना, खाली वाकून पेडल हाताने दाबते आणि शेजारी मोजपट्टी धरते. गेल्या रविवारी १५ मिलिमीटर भरलं.