दोन अँटेना, एक स्कॅनर: टी, स्प्लिटर, डिप्लेक्सर की स्विच?

विमानांच्या बँडसाठी, म्हणजे त्यांच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यासाठी, एक अँटेना, यूएचएफसाठी (300 मेगाहर्ट्झच्या वर) दुसरा, आणि स्कॅनरला, म्हणजे आपोआप फ्रिक्वेन्सी चाळत ऐकवणाऱ्या रेडिओला, अँटेनाचं सॉकेट एकच. दोन्ही जोडायच्या चार वाटा आहेत. निवडताना बहुतेक जण आधी विचारतात की सिग्नल किती वाढेल. तो वाढत नाही. खरं पाहायचं असतं ते हे: एका अँटेनावरून ऐकत असताना दुसरा काय करत असतो?

टी कनेक्टरमध्ये, म्हणजे तीन तोंडांच्या साध्या जोडात, दुसरा अँटेना सगळ्यांत जास्त नडतो. दोन्ही अँटेना आणि स्कॅनर 50 ओहमचे (हा त्यांचा इम्पीडन्स, सिग्नलला होणारा विरोध) धरले, तरी एकाच्या सिग्नलला टीपाशी स्कॅनर आणि दुसरा अँटेना समांतर जोडलेले दिसतात, म्हणजे 25 ओहम. स्कॅनरला सिग्नल साधारण 3.5 डेसिबलने कमी मिळतो (3 डेसिबल कमी म्हणजे पॉवर जवळपास निम्मी). पण हेही आदर्श चित्र झालं. यूएचएफचा अँटेना 125 मेगाहर्ट्झला 50 ओहमचा नसतोच. तिथे तो उघड्या टोकासारखा वागला आणि त्याची केबल पाव तरंगलांबीची निघाली, तर टीपाशी चक्क शॉर्ट दिसतो. 125 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 2.4 मीटर. साध्या कोॲक्समध्ये (अँटेनाच्या नेहमीच्या गोल केबलमध्ये) सिग्नलचा वेग प्रकाशाच्या सुमारे 66 टक्के असतो, त्यामुळे ही घातक लांबी जवळपास 40 सेंटिमीटर येते. तिच्या विषम पटींनाही, म्हणजे 120 किंवा 200 सेंटिमीटरलाही, तेच होतं. म्हणूनच टी लावून एकाचं छान चालतं आणि दुसऱ्याचा अख्खा बँड गायब होतो. दोघंही खरं सांगत असतात, फरक केबलच्या लांबीचा असतो.

स्प्लिटर एक सिग्नल दोन वाटांत विभागतो; तो उलटा लावला की दोन सिग्नल एकत्र करणारा कम्बायनर होतो. 1960 मध्ये अर्नेस्ट विल्किन्सन यांनी मांडलेली रचना किंवा फेराइटवर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, दोन्हींचा हेतू एकच: दोन अँटेना एकमेकांना दिसू नयेत. चांगल्या नगात ही फारकत 20 डेसिबल किंवा जास्त असते. टीव्हीचा 75 ओहमचा स्प्लिटरही चालतो. 50 आणि 75 ओहमच्या एका जोडावर होणारा तोटा 0.2 डेसिबलहून कमी असतो, त्याची चिंता नको. मात्र त्यावर छापलेल्या फ्रिक्वेन्सीत आपला बँड बसतो ना, ते पाहा.

किंमत मोजावी लागते ती 3 ते 3.5 डेसिबलची, आणि ती वाटते तितकी साधी नाही. व्हीएचएफवर (30 ते 300 मेगाहर्ट्झ, विमानांचा बँड यातच येतो) बाहेरची खरखर मुळातच जास्त असते. तोट्यात सिग्नलबरोबर तीही घटते, तेव्हा कागदावर काहीच बिघडायला नको. पण दुसरा अँटेना स्वतःची खरखर आणून ओततो. दोन्हींची खरखर सारखी असेल, तर सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर 3 डेसिबलने घसरतं. दुसरा अँटेना घरात चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या शेजारी असेल, तर आणखी घसरतं. पुढे ॲम्प्लिफायर लावून हे भरून निघत नाही, कारण तो दोन्ही सारखंच वाढवतो.

डिप्लेक्सर मला यासाठीच आवडतो. आत एक लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी सोडणारा) आणि एक हाय-पास (फक्त वरच्या सोडणारा) फिल्टर असतो. खालचा बँड एका अँटेनाकडून येतो, वरचा दुसऱ्याकडून, आणि नको त्या अँटेनाची खरखर दारातच अडते. चांगल्या डिप्लेक्सरचा तोटा अर्ध्या डेसिबलच्या आसपास असतो. 118 ते 137 मेगाहर्ट्झचा विमानांचा बँड आणि 400 च्या वरचं यूएचएफ, असे बँड लांब असतील तर दुसरं काही शोधूच नका. मात्र विमानांचा बँड आणि 156 ते 162 मेगाहर्ट्झचा सागरी बँड वेगळे करायला बाजारातला नेहमीचा डिप्लेक्सर उपयोगी नाही. ते दोन्ही त्याच्या एकाच बाजूला पडतात.

हाताने एक अँटेना निवडायच्या स्विचचा तोटा नगण्य असतो, पण स्कॅनर आपोआप बँड बदलतो आणि स्विच बदलत नाही. तरी एका परिस्थितीत मी तोच घेईन: दोन्ही अँटेना एकाच बँडचे असून वेगवेगळ्या दिशांना रोखलेले असतील तेव्हा. ते जोडले की एकच सिग्नल दोन वाटांनी येतो. वाटांत अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला की ते एकमेकांना खातात, आणि काही दिशा बहिऱ्या होतात. कम्बायनर कितीही भारी असला तरी हे टळत नाही.

मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, प्रीॲम्प (अँटेनाजवळच सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) असेल, तर त्याची वीज कम्बायनर किंवा डिप्लेक्सरमधून पुढे जाते का, हे आधी तपासा. आणि हीच केबल ट्रान्समीटरला कधीही लावू नका. घरगुती स्प्लिटर तेवढी पॉवर सोसत नाही.

जोडून झालं की विमानतळाच्या हवामानाचं अखंड चालणारं प्रसारण लावा, शक्यतो जेमतेम ऐकू येणारं. ऐकता ऐकता दुसरा अँटेना काढा आणि त्या जागी 50 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे आत रोधक असलेलं टोपण, लावा. स्प्लिटर टीव्हीचा असेल तर 75 ओहमचा. आवाज स्वच्छ झाला, तर दुसरा अँटेना त्या बँडवर तुमचं नुकसानच करत होता.