दादरमधील काष्ठौषधींचे दुकान आणि त्यांचे ‘मधुमेह चूर्ण’

दादर पश्चिमेच्या भाजीबाजारातून वाट काढत गेले की काष्ठौषधींचे एक जुने दुकान लागते. टाइप टू मधुमेह असलेल्याने तेथून काय घ्यावे आणि काय तेथेच ठेवावे, एवढ्यापुरता हा अभिप्राय आहे.

सुटे जिन्नस उत्तम आहेत. जांभळाच्या बियांची पूड ताजी असते, आणि गुडमारचा पाला इतका अस्सल, की तो चावून वर साखर खाल्ली तर तोंडात वाळू आल्यासारखे वाटते. अर्थात ही करामत जिभेवरची आहे. तेवढ्यावरून रक्तातील साखर उतरली असे कोणी समजू नये. मेथीचे काम अधिक सरळ आहे. तिच्यातील विद्राव्य तंतू पोटात फुगून दाट होतात आणि जेवणातील साखर रक्तात सावकाश मिसळते, म्हणून रात्री भिजवलेले दाणे आहारातलाच एक पदार्थ समजून घ्यायला हरकत नाही. दालचिनी घेताना मात्र पातळ, अनेक पदरी सिलोनची मागावी, कारण जाड सालीच्या कॅसिया जातीत कूमरिन बरेच असते आणि ते रोज पोटात गेल्यास यकृताला त्रास होऊ शकतो.

तयार ‘मधुमेह चूर्णा’विषयी माझे मत प्रतिकूल आहे. डबीवर कारले, गुडमार, विजयसार अशी नावे आहेत, पण कोणाचे प्रमाण किती ते नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्या माणसाची साखर अशा मिश्रणाने गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. शिवाय गल्ल्यामागे ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी पाटी आहे. मधुमेह बरा करण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरीही गल्ल्यावरच्या काकांना श्रेय द्यायलाच हवे: चालू गोळ्या कोणत्या, हे त्यांनी आधी विचारले आणि डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका, असे स्वतःहून बजावले.

क्रोमियम या खनिजाच्या गोळ्याही तेथे मिळतात. शरीरात कमतरता नसताना केवळ साखर उतरवण्यासाठी जीवनसत्त्वे, खनिजे किंवा वनौषधी घेण्याची शिफारस अमेरिकन डायबिटीस असोसिएशन करत नाही, त्यामुळे त्यांवर पैसे घालवण्याचे कारण मला दिसले नाही. अनेक वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचे बी-१२ जीवनसत्त्व मात्र खरोखरच कमी होऊ शकते, आणि त्यामुळे पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहाच्याच खात्यावर जमा होतात. रक्ततपासणीत कमतरता दिसली तर डॉक्टर बी-१२ लिहून देतात. ते या दुकानात नाही, साध्या केमिस्टकडे मिळते.