साठ सिटिंगचं पॅकेज आणि आईचे गुडघे

मसाज किती वेळा आणि किती वेळ घ्यायचा, हे सिटिंग विकणाऱ्यालाच ठरवू दिलं की काय होतं ते आमच्या घरात घडलं. तुमच्या घरात घडू नये म्हणून लिहितेय.

आईची गुडघेदुखी जुनी. पुण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एका पंचकर्म केंद्राने मोफत तपासणी ठेवली होती. टाच एका मशीनवर ठेवायला लावली, गुडघा वाकवून कटकट ऐकवली आणि म्हणाले, "काकू, वंगण संपलंय. आत्ता केलं नाहीत तर ऑपरेशन अटळ आहे." एक्स-रे पाहिला नाही, चालू औषधं विचारली नाहीत. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. अशा माणसाला जोरात चोळलं तर त्वचेखाली रक्त साकळू शकतं. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर आत गुठळी असू शकते, आणि मसाजने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पहिला प्रश्न हाच असायला हवा होता. त्यांचा पहिला प्रश्न होता, पेमेंट कसं करणार.

60 सिटिंग, प्रत्येकी 60 मिनिटं, 84,000 रुपये. सवलत फक्त आजच्या दिवसापुरती. "हप्त्याने द्या काकू, व्याज नाही," म्हणून आईच्या फोनवर ओटीपी मागवला. आईची समजूत अशी की हप्ता केंद्राला जाणार. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. केंद्राला पैसे लगेच मिळाले. सिटिंग बंद केली तरी हप्ता आईच्या खात्यातून जाणारच.

आता त्या साठ मिनिटांचं. कपडे बदलणं, बीपी, तेल गरम होईपर्यंत थांबणं, वाफ, अंग पुसणं हे सगळं त्यात धरलेलं. हात गुडघ्याला लागायचा तो जेमतेम वीस मिनिटं. आईने भिंतीवरचं घड्याळ बघून हे सांगितलं, तेव्हा "वाफ हीसुद्धा थेरपीच आहे" असं उत्तर मिळालं. कार्डावर शिक्का मात्र पूर्ण तासाचा.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. दुखणं वाढलं की म्हणायचे, "आत दबलेला वात बाहेर पडतोय, सिटिंग वाढवूया." कमी झालं की, "गुण येतोय, आता थांबवू नका." म्हणजे गुडघा काहीही सांगो, उत्तर एकच. थांबायचं कधी, हे आईने विचारलं तेव्हा कुणालाही सांगता आलं नाही.

ओळखीच्या वैद्यबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोज अंगाला तेल लावायला शास्त्राची आडकाठी नाही, अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात नित्य अभ्यंग, म्हणजे रोज तेल चोळणं, सांगितलंच आहे. पण ते घरी, तिळाच्या तेलाने. अजीर्ण असताना किंवा कफ वाढलेला असताना तेही वर्ज्य. जानुबस्तीसारखा (गुडघ्यावर पिठाचं पाळं करून त्यात कोमट तेल ठेवण्याचा) उपचार काही दिवस करायचा, तपासायचं, मगच पुढचं ठरवायचं. साठचा आकडा आधी आणि तपासणी नंतर, असं कोणताही वैद्य करत नाही.

अमेरिकेत 2012 साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध झालाय. गुडघ्याचा संधिवात असलेल्या 125 जणांचे गट केले, एका गटाला मसाज न देता बाकीच्यांना वेगवेगळ्या प्रमाणात मसाज दिला. आठवड्यातून एकदा, 60 मिनिटं, आठ आठवडे हे प्रमाण सगळ्यात सोयीचं ठरलं. म्हणजे आठ वेळा. आणि चोविसाव्या आठवड्यात मसाज घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठळक फरक उरला नव्हता. मानदुखीत सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा घेतल्याने जास्त फायदा झाल्याचा वेगळा अभ्यास आहे, पण तोही चार आठवड्यांचाच. मसाजने दुखणं हलकं होतं, झोप लागते. झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) परत येत नाही, हे हाडांच्या डॉक्टरांनी आईला एक्स-रे दाखवून सांगितलं. आता ती फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करते आणि जिना चढते.

पैशांचं सांगते, कारण अनेकांना हे माहीत नसतं. "नो रिफंड" छापलेली पावती म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं हीसुद्धा. आधी लेखी मागणी करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. कर्ज ॲपवरून घेतलेलं असेल तर कागदपत्रांत ‘कूलिंग ऑफ’ मुदत शोधा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत फार थोड्या दिवसांची असते, म्हणून ओटीपी दिला त्याच संध्याकाळी कागद वाचा.

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर केंद्राने न वापरलेल्या सिटिंगचे निम्मे पैसे देऊ केले. आम्ही ते घेतले नाहीत. आयोगात अर्ज केलाय, सोबत शिक्क्यांचं कार्ड आणि औषधांचं प्रिस्क्रिप्शन जोडलंय.