तयार तुकडे की लवचीक रूळ?
सांगलीत माळ्यावर मी मिरज जंक्शनचं छोटं रेल्वे मॉडेल मांडतोय, एचओ या मॉडेल-मापात: १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. रुळाचे ठरावीक आकाराचे तयार तुकडे पटापट जुळतात, चुकलं तर सोडवता येतात. नवख्या हाताला तेच बरे. पण जोड फार, आणि वळणं ठरावीकच.

लवचीक रूळ जवळपास मीटरभर लांब. वाकवला की आतल्या बाजूचा रूळ टोकाला पुढे येतो. तो कापायचा, कानशीने घासायचा, मग नख फिरवून बघायचं. नख अडलं तर चाकही अडणार! वळणावरचा जोड मी रूळ सरळ असतानाच सोल्डर करतो, नंतर वाकवतो. सगळे जोड मात्र सोल्डर करू नका. एप्रिलमध्ये पत्र्याखाली रूळ लांबतो, पोस्टकार्डाच्या जाडीची फट हवीच.

मेन लाइनला मी लवचीकच घेईन; यार्डातल्या सरळ सायडिंगला, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांना, तुकडे चालतील.